स्टुटगार्टहून नॉर्थ केप, मोटरहोम आणि तीन आठवडे: आधी प्रकाश ठरवा, मग रस्ता

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. स्टुटगार्टला राहणारे तुम्ही दोघे, नऊ वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून येणारे ६८ वर्षांचे सासरे असे चौघेजण मुलीच्या उन्हाळी सुट्टीत २१ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेऊन नॉर्वेच्या उत्तर टोकाला, नॉर्थ केपला, जाऊ इच्छिता. जाताना मध्यरात्रीचा सूर्य आणि परतताना ध्रुवीय प्रकाश (ऑरोरा) पाहावा अशी तुमची कल्पना आहे. कोणती गाडी घ्यावी, २१ दिवस पुरतील का आणि जमले नाही तर फेब्रुवारीत जावे का, हे तुम्ही विचारले आहे. मी गेली चौदा वर्षे फिनलंडमध्ये राहते आणि मोटरहोमने आजवर नऊ वेळा उत्तरेकडे गेले आहे. त्यांतल्या सात फेऱ्या जून ते सप्टेंबर या काळातल्या आणि दोन मार्चमधल्या आहेत. एका फेरीत कोल्हापूरहून आलेली माझी सत्तरीची आई सोबत होती, त्यामुळे तुमच्या प्रश्नातले सासऱ्यांविषयीचे वाक्य मी विशेष लक्ष देऊन वाचले.

तुम्ही गाडीपासून सुरुवात केली आहे, पण माझ्या मते गाडी हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न प्रकाशाचा आणि दुसरा दिवसांच्या हिशेबाचा. हे दोन सुटले की गाडी बरीचशी आपोआप ठरते.

प्रकाशाबाबत आधीच स्पष्ट सांगते की या दोन गोष्टी एका फेरीत बसत नाहीत. ध्रुवीय प्रकाश वर्षभर घडतच असतो, पण तो दिसण्यासाठी आकाश काळोखे लागते, आणि ज्या काळात सूर्य मावळत नाही त्या काळात काळोख मिळत नाही. नॉर्थ केपला सूर्य साधारण १४ मे ते २९ जुलै या काळात क्षितिजाखाली जात नाही. बाडेन-वुर्टेम्बर्गच्या, म्हणजे स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्याच्या, शाळांची उन्हाळी सुट्टी मात्र जुलैच्या अगदी अखेरीस सुरू होते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. म्हणजे तुम्ही सुट्टीच्या पहिल्याच सकाळी निघालात तरी तिथे पोहोचेपर्यंत मध्यरात्रीचा सूर्य संपलेला असेल. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तर अशी स्थिती असते की सूर्य रात्री थोडा वेळ बुडतो, पण आकाश उजळच राहते, त्यामुळे ना सूर्य दिसतो ना ध्रुवीय प्रकाश. दुर्दैवाने बहुतेक कुटुंबे नेमका हाच पंधरवडा निवडतात, कारण नकाशावर तो उन्हाळा असतो.

तुमच्या सुट्टीचा उत्तरार्ध मात्र उत्तम आहे. फिनलंडमधले इनारी गाव ६९ अंश अक्षांशाच्या जवळ आहे. तिथे २५ ऑगस्टच्या सुमारास मध्यरात्री सूर्य क्षितिजाखाली सुमारे १० अंश जातो, तेव्हा ठळक ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो, आणि ५ सप्टेंबरपर्यंत तो १४ अंश खाली जाऊ लागतो, म्हणजे मध्यरात्रीच्या आसपास आकाश चांगलेच काळे होते. त्यात अमावास्येच्या आसपासचे दिवस साधता आले तर अधिक बरे. शिवाय ऑगस्टच्या अखेरीस डास संपत आलेले असतात. जुलैमध्ये लॅपलंडच्या, म्हणजे या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या, आतल्या भागात दार उघडून आत शिरेपर्यंतच्या वेळात पंचवीस-तीस डास सोबत येतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या वाक्याचे मोल कळेल. सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात झाडोरा लाल-पिवळा होतो. फिनिश लोक त्याला ‘रुस्का’ म्हणतात आणि केवळ तो पाहण्यासाठी दक्षिणेकडून उत्तरेला जातात. जंगलात निळ्या बेरी आणि लिंगोनबेरी असतात आणि त्या कोणालाही तोडता येतात. मुलीसाठी एक छोटी बादली सोबत ठेवा. त्यामुळे २४ ऑगस्टच्या आसपास उत्तरेत पोहोचून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला परतणे, हा माझा सल्ला आहे. याची दुसरी बाजू अशी की पाऊस आणि थंडी वाढलेली असते, नॉर्वेच्या बाजूची काही लहान कॅम्पिंग-स्थळे बंद होऊ लागतात आणि ध्रुवीय प्रकाश ढगांमुळे दिसेलच याची हमी नसते. किनाऱ्यापेक्षा आतल्या भागात, म्हणजे इनारी आणि नॉर्वेतली काराशोक, कौतोकेइनो या पट्ट्यात, आकाश मोकळे मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणून रात्रीचे मुक्काम शक्यतो तिकडे ठेवावेत.

आता दिवसांचा हिशेब करू. स्टुटगार्ट ते हॅम्बुर्ग साधारण ६५० किमी आणि तिथून डेन्मार्क-स्वीडनमार्गे नॉर्थ केप सुमारे २,८०० किमी, म्हणजे जाऊन-येऊन अंतर सात हजारांच्या घरात जाते. मोटरहोमचा उत्तरेतला सरासरी वेग ताशी ५५ ते ६० किमीच धरावा. नॉर्वेत गावाबाहेरची सर्वसाधारण मर्यादाच ८० आहे, आणि त्यात वळणे, रेनडिअर, चहासाठी थांबणे हे सगळे येते. रोज ३०० किमी चालवले तर पाच-सहा तास सीटवर जातात आणि सात हजारांसाठी २३ दिवस लागतात. तुमच्याकडे २१ आहेत, त्यांतही पहिला दिवस गाडी ताब्यात घेण्यात आणि शेवटचा ती धुऊन परत करण्यात जातो. लुबेकजवळच्या ट्राव्हेम्युंडहून हेलसिंकीला जाणारे जहाज घेतले तर एका बाजूचे ३० तास जहाजात जातात, पण गाडी चालवण्याचे एकूण अंतर साडेचार हजारांवर येते. तरीही १५ दिवस चालवणे आणि चार दिवस जहाज, असे १९ दिवस संपतात. मग ढगाळ रात्रीनंतर एक दिवस जास्त थांबायला, सासऱ्यांना बरे वाटत नसेल तर मुक्काम वाढवायला किंवा एखाद्या तळ्याकाठी निवांत बसायला जागा उरत नाही. घर सोबत नेण्याचा फायदाच हा आहे की हवामान पाहून थांबता येते. तो फायदा रोजच्या अंतरापायी घालवायचा असेल तर मोटरहोमची गरज नाही, साधी गाडी आणि हॉटेल स्वस्त पडतील.

म्हणून तुमच्या बाबतीत मी असे सुचवते की विमानाने हेलसिंकीमार्गे रोव्हानिएमीला जावे आणि गाडी तिथेच भाड्याने घ्यावी. रोव्हानिएमी ध्रुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. तिथून इनारी सव्वातीनशे किमी, पुढे काराशोक आणि लाक्सेल्व्ह करत नॉर्थ केप एकूण सुमारे ७०० किमी, आणि परतताना आल्ता, कौतोकेइनो, मग फिनलंडच्या पश्चिम बाजूने पुन्हा रोव्हानिएमी, असा पूर्ण फेरा साधारण दीड हजार किमीचा होतो. वाटेवरची वळणे धरून अठराशे समजा. हे १४ दिवसांत आरामात होते आणि उरलेला आठवडा तुमच्या हाती राहतो. डिझेलचा फरकही पाहा. शंभर किमीला १२ लिटर धरले तर साडेचार हजारांना ५४० लिटर लागतात आणि अठराशेला २१६. त्यात जहाजाचे भाडे वाचते, विमानाची चार तिकिटे वाढतात. तारखांप्रमाणे हे गणित कोणत्याही बाजूला झुकू शकते, त्यामुळे बुकिंग करण्याआधी दोन्ही मांडून पाहा. तुमच्याकडे स्वतःची मोटरहोम असती किंवा हाताशी सहा आठवडे असते, तर मी नक्कीच घरापासून चालवत जा असे म्हटले असते.

गाडी ठरवताना झोपण्याच्या जागा मोजण्याआधी पट्टा असलेल्या सीट मोजाव्यात. चौघांसाठी चार पट्टे हवेत, आणि गाडी चालू असताना कोणीही पलंगावर पडता कामा नये. मुलीची उंची १३५ सेंमीपेक्षा कमी असेल तर फिनलंड आणि नॉर्वेत तिच्यासाठी बूस्टर सीट अनिवार्य आहे. ती कंपनीकडे मिळते का हे आधी विचारा. सासऱ्यांसाठी मागच्या बाजूचा कायमचा, कमी उंचीचा पलंग ठेवा. माझ्या आईच्या वेळी आम्ही स्वस्त म्हणून ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर दोन जागा असलेली गाडी घेतली होती. तिला शिडी चढवेना, म्हणून रोज रात्री जेवणाचे टेबल खाली करून, त्यावर गाद्या जुळवून पलंग करावा लागे आणि सकाळी ती उठल्याशिवाय कोणाला चहाला बसता येत नसे. चौथ्या दिवशी पहाटे पाचला ती जॅकेट घालून पुढच्या सीटवर बसलेली सापडली. आमची अडचण होऊ नये म्हणून ती स्वतःहून उठली होती. त्या सकाळची आठवण आजही मला बोचते. तुम्ही ती चूक करू नका.

वजनाकडेही लक्ष द्यावे. साध्या ‘बी’ वर्गाच्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतची गाडी चालवता येते आणि बहुतेक भाड्याच्या गाड्या बरोबर त्या मर्यादेवर नोंदलेल्या असतात. गाडीचे स्वतःचे वजन वजा केल्यावर माणसे, सामान आणि पाणी यांसाठी अनेकदा तीन-चारशे किलोच उरतात. पाण्याची १०० लिटरची टाकी भरली की त्यांतले १०० किलो गेले. त्यामुळे तांदळाचे मोठे पोते आणि चार बॅगा हा बेत सोडून द्या. पाणी तिकडे कोणत्याही नळाचे पिण्याजोगे असते, टाकी अर्धी ठेवली तरी चालते.

रात्री पारा शून्याजवळ जाऊ लागतो तेव्हा मोटरहोमचे खरे स्वरूप कळते. इनारीच्या तळ्याकाठी एका सप्टेंबरच्या रात्री चारच्या सुमारास मला गाडीखालून पाणी वाहण्याचा आवाज आला. टॉर्च घेऊन बाहेर गेले तर दंवाने पांढऱ्या झालेल्या गवतात बारीक धार पडत होती आणि तिच्यातून वाफ निघत होती. टाकी फुटली असे मला वाटले. प्रत्यक्षात गोठण्यापासून वाचवण्यासाठी गरम पाण्याच्या बॉयलरला एक झडप असते, ती तापमान तीन अंशांजवळ गेले की आपोआप उघडते आणि बॉयलर रिकामा करते. आम्ही झोपताना हीटर पूर्ण बंद केला होता आणि पंप चालू ठेवला होता, त्यामुळे बॉयलरपाठोपाठ टाकीतले पाणीही पंपाने बाहेर टाकले. ती जागा सात अंशांच्या वर तापल्याशिवाय झडप परत बसत नाही, म्हणून सकाळी अंघोळ तर सोडाच, चहालाही बाटलीतले पाणी वापरावे लागले. तेव्हापासून माझा नियम असा आहे की ऑगस्ट संपला की रात्री हीटर १३-१४ अंशांवर चालू ठेवायचा, पंप बंद करायचा आणि झडप कोणत्या कप्प्यात आहे हे गाडी ताब्यात घेतानाच कंपनीच्या माणसाकडून हाताने दाखवून घ्यायचे.

हीटर आणि शेगडीच्या गॅस सिलिंडरमध्ये प्रोपेन असल्याची खात्री करावी. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणे थांबवतो, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत काम देतो. सिलिंडरचे तोंड देशागणिक बदलते. गाडी फिनलंडमधून घेतली तर तिथे बदली सिलिंडर सहज मिळतो, पण जर्मन गाडीला तो बसत नाही, हा तिथून गाडी घेण्याचा आणखी एक फायदा.

स्वयंपाकाविषयी तुम्ही विचारले नाही, पण सासरे शाकाहारी आहेत असे लिहिले आहे, म्हणून सांगते. तीन लिटरचा कुकर, तवा आणि घट्ट झाकणाचा मसाल्याचा डबा एवढ्यावर आमचे सगळे भागते. फोडणी करताना छताची खिडकी उघडी असलीच पाहिजे. वासाचा प्रश्न दुय्यम आहे, एवढ्याशा बंद जागेत गॅसची शेगडी पेटवताना हवा खेळती राहणे जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. नॉर्वे युरोपीय संघात नाही, त्यामुळे सीमाशुल्काचे नियम वेगळे आहेत. विशेष म्हणजे प्रवाशाला तिथे बटाटे नेता येत नाहीत. फिनलंडमध्ये घेतलेले बटाटे काराशोकच्या सीमेआधीच्या मुक्कामी रस्सा करून संपवावेत, पुढे लाक्सेल्व्हला दुकानात मिळतात. भारतातून येताना सासऱ्यांनी घरचे तूप किंवा पेढे आणू नयेत, कारण युरोपीय संघाबाहेरचे दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास बंदी आहे. नॉर्वेतली बहुतेक किराणा दुकाने रविवारी बंद असतात, हेही ध्यानात ठेवा.

सासऱ्यांच्या शेंगेन व्हिसावर फिनलंड आणि नॉर्वे दोन्ही चालतात, मात्र किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सगळ्या दिवसांचा आहे ना हे तपासा. रक्तदाबाची वगैरे औषधे आठवडाभराची जास्तीची ठेवा. आपत्कालीन क्रमांक फिनलंडमध्ये सगळ्यासाठी ११२ आहे, नॉर्वेत रुग्णवाहिकेसाठी ११३.

रस्त्यावरचा सर्वांत मोठा धोका रेनडिअरचा आहे. हे प्राणी रानटी नाहीत, प्रत्येकाला मालक असतो आणि कानावरच्या खुणांवरून तो ओळखता येतो. या भागातल्या मूळ रहिवासी सामी कुटुंबांचा तो चरितार्थ आहे. त्यांच्याशी बोलताना ‘तुमच्याकडे किती रेनडिअर आहेत’ असे विचारू नये, ते बँकेत किती पैसे आहेत असे विचारण्यासारखे समजले जाते. एक रस्ता ओलांडून गेला की मागून आणखी येणार हे गृहीत धरून वेग ४० वर आणावा. हॉर्नचा उपयोग जवळजवळ होत नाही. सप्टेंबरमध्ये त्यांचा माजाचा काळ जवळ येतो आणि नर अधिकच बेफिकीर होतात. धडक बसलीच तर जखमी प्राण्याला तसेच सोडून जाऊ नये. फिनलंडमध्ये ११२ वर कळवणे आवश्यक आहे. संध्याकाळी अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही, असे ठरवून टाका. तेव्हा मूस नावाची भलीमोठी हरणेही रस्त्यावर येतात.

मुक्कामाबाबत बराच गैरसमज आहे. नॉर्डिक देशांतला मुक्त संचाराचा हक्क पायी चालणाऱ्यासाठी आणि तंबू ठोकणाऱ्यासाठी आहे. त्यामुळे चाकांवरची गाडी शेवाळावर किंवा माळरानावर नेण्याची मुभा मिळत नाही. तिथले शेवाळ एकदा चाकाखाली फाटले की भरून यायला अनेक वर्षे लागतात. रस्त्यालगतच्या वाहनतळावर मनाईची पाटी नसेल तर एक रात्र थांबता येते, पण दर दोन-तीन रात्रींनी कॅम्पिंग-स्थळावर जावे, बॅटरी भरावी, कपडे धुवावेत, आणि शौचालयाची कॅसेट व सांडपाणी ठरलेल्या ठिकाणीच ओतावे. ही गोष्ट मी कळकळीने सांगते, कारण गेल्या काही वर्षांत तळ्याकाठच्या चांगल्या जागांवर मनाईच्या पाट्या वाढलेल्या मी पाहिल्या आहेत.

फेब्रुवारीचा पर्याय पहिल्याच फेरीसाठी मी तुम्हाला देणार नाही. त्या काळात स्कार्सवोगच्या फाट्यापासून नॉर्थ केपपर्यंतच्या शेवटच्या १३ किमीवर बर्फ हटवणाऱ्या गाडीमागे ठरलेल्या वेळी ताफ्यानेच जावे लागते आणि वारा वाढला तर तेही रद्द होते. अ‍ॅडब्लू (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणारे द्रव) उणे ११ अंशांवर गोठते, कडाक्याच्या थंडीत ११ किलोचा सिलिंडर दोन-तीन दिवसांत संपतो आणि सोलर पॅनेलचा उपयोग जवळपास शून्य असतो. ध्रुवीय प्रकाशासाठी हिवाळ्यातच जायचे असेल तर कॉटेज घ्यावे.

राहता राहिले खुद्द नॉर्थ केप. ७१°१०′ अक्षांशावरचा तो ३०७ मीटर उंचीचा कडा मागेरॉया बेटावर आहे, आणि शेजारचेच क्निव्हशेलोड्डेन हे टोक त्याच्याही थोडे उत्तरेला आहे, मात्र तिथे जाऊन-येऊन १८ किमी चालावे लागते. ओल्डरफ्योर्डपासून कड्यापर्यंत १२९ किमीचा ई ६९ हा रस्ता आहे. वाटेत समुद्राखालून जाणारा जवळपास सात किमीचा बोगदा लागतो, जो समुद्रसपाटीखाली २१२ मीटर जातो. त्यात उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा आणि ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. उन्हाळ्यात तिथल्या बोगद्यांत रेनडिअर सावलीसाठी उभे असतात, म्हणून आत शिरताना डोळे सरावेपर्यंत सावकाश जावे.

बोगद्याहून जास्त काळजी वाऱ्याची आहे. कड्यावर पोहोचल्यावर आमच्या एका फेरीत पतीने नेहमीप्रमाणे दार ढकलले आणि वाऱ्याने ते हातातून ओढून गाडीच्या अंगावर आपटले. वरची बिजागरी वाकली आणि पुढचे पाच दिवस दार आतून दोरीने बांधून ठेवावे लागले. तेव्हा गाडी नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी करा, छताच्या खिडक्या आधी बंद करा आणि दार दोन्ही हातांनी धरूनच उघडा. नॉर्वेच्या हवामान खात्याची ‘यर’ ही सेवा वाऱ्याच्या झोतांचा तासागणिक अंदाज देते. ओल्डरफ्योर्डला पोहोचल्यावर तो पाहा आणि डिझेलची टाकी निम्म्याच्या वर असल्याची खात्री करा. झोत सेकंदाला १५ मीटरच्या पुढे दाखवत असतील तर मी उंच गाडी त्या रस्त्यावर घालत नाही. अशा वेळेसाठी तीन दिवस मोकळे ठेवा. तिसऱ्या दिवशीही वारा पडला नाही, तर डावीकडे वळून सरळ आल्ताला जा. तिथली खडकांवरची प्राचीन कोरीव चित्रे १९८५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, त्यांच्या भोवती लाकडी पायवाट बांधलेली आहे, आणि सासऱ्यांना ती काठी टेकत सावकाश पाहता येतील.